सचिनची खाडी आणि रात्रीचा टँकर

मुंबईहून सुरतेकडे आगगाडीने जाणाऱ्या प्रवाशाला नवसारी मागे पडले, की थोड्याच वेळात सचिन नावाचे स्टेशन लागते. बहुतेक जलद गाड्या तेथे थांबत नाहीत. हे नाव कानी पडताच आजच्या श्रोत्याला एका थोर क्रिकेटपटूचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु मराठी माणसाचा या गावाशी असलेला संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे. १७९१ साली जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणारे सिद्दी बाळूमियाँ पेशव्यांच्या आश्रयाला आले. त्यांनी जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि मोबदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख मिळविला. जंजिऱ्याचा किल्ला पेशव्यांच्या हाती अखेरपर्यंत आला नाही. सचिनचे संस्थान मात्र सिद्द्यांच्या त्या घराण्याकडे १९४८ पर्यंत निर्वेध चालले, आणि मग ते मुंबई राज्यात विलीन झाले. कागदावरचा व्यवहार आणि प्रत्यक्षात हाती पडणारी वस्तू यांत केवढे अंतर असू शकते, याचे हे एक मासलेवाईक उदाहरण होय. आजच्या विषयात याच अंतराची गाठ पुन्हा पडावयाची आहे.

संस्थान गेले, नवाब गेले, आणि त्या भूमीवर गुजरात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली. सुरत म्हणजे कृत्रिम रेशमाच्या साड्यांचे आगर. माग उधन्याला आणि लिंबायतीला खडखडतात, तर कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने पांडेसरा आणि सचिन येथे आहेत. या कारखान्यांत ओरिसातील गंजामचे, उत्तर प्रदेशाचे, बिहारचे तसेच आपल्या खानदेशचे कामगार रात्रंदिवस पाळ्या करतात. भुसावळकडून ताप्तीच्या खोऱ्याने येणाऱ्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची इतकी कुटुंबे सुरतेत आणून वसविली आहेत, की शहराच्या काही भागांत अहिराणी बोली गुजरातीइतकीच सहज कानी पडते. एक किलो कापड रंगवून, धुऊन काढावयास शंभर लिटरांच्या आसपास पाणी लागते, आणि ते पाणी रंग, क्षार, आम्ल, साबण असे सर्व काही बरोबर घेऊन बाहेर पडते. त्यासाठी सचिनमध्ये सामायिक शुद्धीकरण केंद्र आहे. शिवाय नैसर्गिक नाले आहेत. सुरतेकडे या नाल्यांना खाडी म्हणतात. कोकणातील माणसाच्या डोळ्यांपुढे खाडी म्हटली, की भरती-ओहोटी, तरी आणि मासळी उभी राहते. सुरतेची खाडी म्हणजे बहुधा काळ्या पाण्याचा एक ओहळ, ज्याच्या काठाने कारखान्यांच्या भिंती जातात.

अशाच एका नाल्याच्या काठी ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे, अंधार असतानाच, एक टँकर उभा होता. शेजारी एका रंगाई-छपाईच्या गिरणीत रात्रपाळी चालू होती. टँकरमधील रसायन नाल्यात सोडण्यात येऊ लागले, आणि काही क्षणांतच गिरणीतील व बाहेरील माणसे जेथल्या तेथे कोसळू लागली. सहा कामगार मृत्युमुखी पडले आणि वीसहून अधिक जणांना सुरतेच्या सरकारी रुग्णालयात हलवावे लागले. मरण पावलेल्यांपैकी कोणाचाही त्या टँकरशी काडीचा संबंध नव्हता. ते आपले नित्याचे काम करीत होते, एवढाच त्यांचा अपराध.

त्या टँकरात काय होते? तपासात सोडियम हायड्रोसल्फाइड या द्रव्याचे नाव पुढे आले. कातडी कमावणे, रंग आणि औषधे तयार करणे अशा अनेक धंद्यांत याचा वावर आहे. एरवी बंद पिंपात ते निमूटपणे पडून राहते. परंतु आम्लाशी गाठ पडताच त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू उसळून बाहेर येतो; आणि औद्योगिक वसाहतीच्या नाल्यात आम्ल नसेल असे समजणे म्हणजे भाबडेपणाची कमाल होय. प्रत्येक गुन्हेगाराला वाटत असावे, की नाल्यात आपण एकटेच काही टाकीत आहोत. वस्तुतः तेथे आधी येऊन गेलेल्या कोणाचे तरी आम्ल वाट पाहत थांबलेले असते. या दोन चोरट्या द्रव्यांची भेट घडवून आणणारा प्रयोगशाळेतील कोणी शास्त्रज्ञ नसतो. ती आपोआप होते, आणि पाहणारे कोणी जागे असतील तर ते वाचत नाहीत.

या वायूची कुळकथा थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत ज्याने एकदा तरी हा वायू हुंगला असेल, त्याला त्याचा सडक्या अंड्यासारखा वास जन्मभर विसरता येत नाही. हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचा एक भागही नसला तरी नाकाला तो समजतो. म्हणजे निसर्गाने माणसाला सावध करण्याची उत्तम सोय केली आहे, असे वाटते. परंतु खरा घात पुढेच आहे. हे प्रमाण शंभर भागांच्या घरात गेले, की काही मिनिटांत घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येईनासा होतो. संकट टळले असे माणसाला वाटते, तेव्हाच ते सर्वांत जवळ आलेले असते. प्रमाण पाचशे-सातशेच्या वर गेले तर शुद्ध हरपते, आणि हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांतच माणूस खाली पडतो. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीरातील पेशींना तो वापरताच येत नाही. सायनाइड ज्या जागी घाव घालते, तेथेच हाही घालतो. त्यातून तो हवेहून जड असल्याने वर उडून जात नाही. सखल जागी, नाल्याच्या पात्रात, भिंतीच्या आडोशाला, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या उशाशी साचून राहतो. जानेवारीच्या पहाटेची थंड, निश्चल हवा त्याला अधिकच अनुकूल. मुंबई-पुण्याच्या भुयारी गटारांत उतरलेले सफाई कामगार एकापाठोपाठ एक दगावतात, आणि त्यांना वर काढावयास गेलेलाही परत येत नाही, त्या बातम्यांमागे बहुतेक वेळा हाच वायू असतो. माणसाला गटारात उतरविण्याच्या प्रथेवर बंदी आणणारा कायदा २०१३ साली झाला; बातम्या थांबलेल्या नाहीत. सचिनमध्ये मात्र माणूस गटारात उतरला नव्हता, गटारच त्याच्या श्वासात आले.

पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदविला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने आपण होऊन या घटनेची दखल घेतली. टँकरचा माग काढता काढता तपास गुजरातची सीमा ओलांडून महाराष्ट्रात, पनवेलजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीपर्यंत पोहोचला. ते रसायन तेथील एका कारखान्यातून निघाले होते, असे पोलिसांचे म्हणणे. कोणाचा दोष किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे आणि ते येथे करण्याचे कारण नाही. परंतु नकाशाकडे पाहणाऱ्या कोणालाही एक गोष्ट खटकल्यावाचून राहणार नाही. धोकादायक औद्योगिक कचऱ्यावर प्रक्रिया करून तो सुरक्षितपणे पुरण्याचे वा जाळण्याचे एक मोठे अधिकृत केंद्र खुद्द तळोज्यातच आहे. घराच्या दाराशी असलेले केंद्र सोडून एखाद्या द्रव्याने अडीचशे किलोमीटरांचा प्रवास करावा, ठाणे, पालघर, वलसाड, नवसारी असे चार जिल्हे ओलांडावेत आणि परक्या राज्यातील एका नाल्याच्या काठी पहाटेच्या अंधारात थांबावे, याचे कारण काय?

कारण अर्थातच पैसा. पण ते जरा उलगडून पाहिले पाहिजे. विषारी द्रव निरुपद्रवी करणे खर्चाचे काम आहे. त्यासाठी दुसरी रसायने लागतात, भट्टी लागते, वीज लागते, शिकलेली माणसे लागतात. अधिकृत केंद्र हा खर्च टनामागे वसूल करते. त्याहून निम्म्या दराने माल उचलावयास कोणी पुढे आला, तर त्याने तो निम्म्या दरात शुद्ध करण्याची युक्ती शोधून काढली आहे असे मानावयास लहान मूलही तयार होणार नाही. परंतु मोठे लोक तयार होतात. कारखानदार ठेकेदाराला माल देतो, ठेकेदार तो दलालाला देतो, दलाल टँकरमालकाला, आणि टँकरमालक रात्रीच्या चालकाला. प्रत्येक पायरीवर थोडे पैसे कमी होतात आणि प्रत्येक पायरीवर माणसाचे अज्ञान सोयीस्करपणे वाढत जाते. शेवटी ज्याच्या हाती नळी असते, त्याला टँकरात काय आहे हे बहुधा माहीतच नसते; आणि ज्याला ते माहीत असते, तो त्या वेळी घरी झोपलेला असतो.

कायद्याने या साखळीवर नजर ठेवण्याची तजवीज केलेली नाही असे नव्हे. धोकादायक कचऱ्याविषयीचे नियम आपल्याकडे प्रथम १९८९ साली झाले, आणि २०१६ साली त्यांना आजचे रूप आले. कारखान्याला असा कचरा साधारणपणे नव्वद दिवसांहून अधिक काळ साठवून ठेवता येत नाही. तो बाहेर काढावयाचा तर त्याच्याबरोबर एक पत्रक जावे लागते, त्याच्या सात प्रती असतात आणि प्रत्येकीचा रंग वेगळा. पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी, करडी. कोणती प्रत पाठविणाऱ्याकडे राहावी, कोणती वाहतूकदाराने जपावी, कोणती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जावी आणि माल पोहोचल्याची साक्ष देत कोणती परत यावी, हे सर्व ठरलेले आहे. दुसऱ्या राज्यात माल न्यावयाचा असेल तर दोन्हीकडच्या मंडळांना त्याचा पत्ता असावा लागतो. योजना चोख आहे. तिच्यात एकच उणीव आहे, ती ही, की जो मुळात नियमाने वागतो त्याच्याच टँकरबरोबर हे इंद्रधनुष्य प्रवास करते. मालाला ‘कचरा’ न म्हणता ‘उपपदार्थ’ म्हटले, विक्रीची पावती फाडली, की सातांपैकी एकाही रंगाची गरज उरत नाही. एका कारखान्याचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्याचा कच्चा माल ठरू शकतो, आणि असे प्रामाणिक व्यवहार पुष्कळ होतातही. म्हणूनच खोटा व्यवहार त्यांच्या गर्दीत सहज मिसळून जातो. पेशव्यांच्या हाती जंजिऱ्याचा कागद आला होता, त्याची येथे आठवण होते.

हे दुर्दैव केवळ आपल्याच वाट्याला आले आहे, असेही नाही. २००६ साली ‘प्रोबो कोआला’ नावाचे एक जहाज ॲमस्टरडॅमच्या बंदरात आले. हलक्या प्रतीचे पेट्रोलजन्य तेल दाहक सोड्याने धुतल्यावर उरलेले, गंधकाच्या संयुगांनी भरलेले पाणी त्याच्या टाक्यांत होते. बंदरावर त्याची दुर्गंधी सुटली, शुद्धीकरणाचा दर एकदम कित्येक पटींनी वाढवून सांगण्यात आला, आणि जहाजाने आपला माल परत घेऊन आफ्रिकेची वाट धरली. ऑगस्ट महिन्यात आयव्हरी कोस्टमधील आबिजान शहरात एका स्थानिक ठेकेदाराने नाममात्र दरात तो उतरवून घेतला, आणि एका रात्रीत टँकरांनी तो शहराभोवतीच्या उकिरड्यांवर, नाल्यांत, रस्त्याच्या कडेला ओतला. एक लाखाच्या आसपास लोकांनी दवाखान्यांकडे धाव घेतली. तेथील सरकारने पंधराहून अधिक मृत्यू या घटनेशी जोडले. धोकादायक कचऱ्याची देशोदेशींची वाहतूक आवरण्यासाठी बाझलचा आंतरराष्ट्रीय करार १९८९ सालीच झालेला होता. आबिजान आणि सचिन यांच्यात खंडाखंडांचे अंतर आहे, पण रात्र तीच, टँकर तोच, गंधकाचा वास तोच, आणि स्वस्त दर पाहून डोळे मिटून घेण्याची रीतही तीच.

आता, जेथे कोणी तत्काळ मेले नाही तेथे काय होते, हेही पाहावे. कारण बहुतेक ठिकाणी तत्काळ कोणी मरत नाही, म्हणूनच बातमी होत नाही. राजस्थानात उदेपूरजवळ बिछडी नावाचे खेडे आहे. १९८७ च्या सुमारास तेथे ‘एच ॲसिड’ नावाचे रसायन तयार करण्याचे कारखाने निघाले. हे द्रव्य कापडाच्या रंगांसाठी लागते, म्हणजे सुरतेच्या साडीशी त्याचे नाते दूरचे नाही. उत्पादन अवघे ३७५ टन झाले. पण त्यापायी सुमारे २,४४० टन विषारी गाळ मागे उरला. तो उघड्यावर टाकला गेला. पाऊस पडला, गाळातील विष जमिनीत मुरले, आणि आसपासच्या विहिरींचे पाणी चहाच्या काढ्यासारखे तांबडे-काळे झाले. माणसांना पिता येईना, जनावरांना पाजता येईना, शेताला देता येईना. कारखाने १९८९ च्या सुमारास बंद पडले, पण विहिरी काही त्यांच्याबरोबर निवळल्या नाहीत. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात निकाल दिला. धोक्याचा धंदा करणाऱ्याने आपण पुरेशी काळजी घेतली होती अशी सबब सांगू नये, हानी झाली तर ती पुरतेपणी त्यानेच भरून द्यावी आणि जमीन पूर्ववत करण्याचा खर्चही त्यानेच सोसावा, हे तत्त्व त्यात ठामपणे मांडले गेले. ‘प्रदूषण करील तो भरील’ हे सूत्र आपल्या न्यायव्यवस्थेत रुजले ते प्रामुख्याने या निकालाने. पैसे वसूल व्हावयास त्यापुढेही अर्जफाट्यांची कित्येक वर्षे लोटली, ही गोष्ट वेगळी.

जमिनीखालचे पाणी बिघडणे हे नदी बिघडण्याहून अधिक वाईट असते, हे येथे ध्यानी घ्यावे. नदीला एखादा चांगला पावसाळा मिळाला तर ती बरीचशी धुऊन निघते. भूजल अतिमंद गतीने सरकते. त्याला पूर येत नाही. आज ओढ्याकाठी ओतलेला टँकर कोणाच्या कूपनलिकेत केव्हा उतरेल, हे ओतणाऱ्याला ठाऊक नसते आणि त्या विहिरीच्या मालकालाही, कारण तोवर तो टँकर कोणाच्या स्मरणात उरलेला नसतो.

तळोज्याला मात्र एकदा स्मरण राहील असा साक्षीदार मिळाला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये तेथील रस्त्यांवर निळ्या रंगाची कुत्री हिंडताना दिसू लागली. कासाडी नदीच्या काठी, कारखान्याच्या आवारात अन्न हुंगत गेलेल्या या प्राण्यांच्या अंगाला रंगाची भुकटी आणि सांडपाणी लागले होते. त्यांची छायाचित्रे जगभरच्या वृत्तपत्रांनी छापली, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद करण्याचा आदेश काढला. कासाडीच्या काठच्या कोळ्यांची जाळी त्याआधी कैक वर्षे रिकामी निघत होती, पण ती जाळी निळी झालेली नव्हती.

सुरतेबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर त्या शहरावर अन्याय होईल. सप्टेंबर १९९४ मध्ये तापीचा पूर ओसरल्यावर कुजलेला कचरा आणि मेलेली जनावरे यांनी शहर भरून गेले. प्लेगची हूल उठली आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने पळाली. खानदेशातील स्टेशनांवरही त्या वेळी परतणाऱ्यांची झुंबड उडाली होती. पुढच्याच वर्षी सूर्यदेवरा रामचंद्र राव हे आयुक्त आले. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी कार्यालयात न बसता रस्त्यावर उभे राहावे, रस्त्यात घाण करणाऱ्याला जागच्या जागी दंड करावा आणि त्यात मोठा-लहान पाहू नये, एवढ्याच साध्या गोष्टी त्यांनी कठोरपणे अमलात आणल्या. दीड-दोन वर्षांत सुरतेचे रूप पालटले. २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात तर या शहराने इंदूरच्या जोडीने पहिला क्रमांक मिळविला. सचिन नगरपालिकाही २०२० साली सुरत महानगरपालिकेत सामील झालेली आहे. केळ्याचे साल रस्त्यावर टाकणाऱ्याला हे शहर हात धरून थांबवू शकते. त्याच शहराच्या वेशीवर हजारो लिटर विष सोडणारा टँकर मात्र सहा माणसे पडल्यावरच दिसला. केळ्याचे साल दिवसा पडते आणि टाकणारा पायी चालत असतो, हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की घरचा कचरा हा नगरपालिकेचा विषय, कारखान्याचा कचरा मंडळाचा, टँकर परिवहन खात्याचा, रस्ता पोलिसांचा आणि नाला ज्याचा असेल त्याचा. इतक्या धन्यांची मालमत्ता रात्री बेवारशीच असते.

शिक्षेची बाजू पाहावी तर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या ‘जनविश्वास’ कायद्याने ती काढून तिच्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड ठेवला, आणि १ एप्रिल २०२४ पासून तो बदल अमलात आला. कैदेची तरतूद असूनही खटले वर्षानुवर्षे रेंगाळत आणि शिक्षा क्वचितच होई. त्यापेक्षा दंड लवकर वसूल होईल, असे बदलाच्या समर्थकांचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ज्या व्यवहारात प्रत्येक टँकरमागे नफा ठरलेला आहे, तेथे दंड हा जमाखर्चाच्या वहीत आणखी एक रकाना होऊन बसतो. माणसे मेली तर फौजदारी कायदा आहेच. तो सचिनमध्ये लावलाही गेला. पण त्यासाठी आधी माणसे मरावी लागली.

या सर्वांत हाताशी असलेले उपाय फार गहन नाहीत. टँकरवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविता येते, त्याने मार्ग सोडताच ते कळविते. फक्त ते नोंद नसलेल्या टँकरवरही बसले पाहिजे. कारखान्यात किती कच्चा माल आला, किती पक्का माल गेला, यावरून कचरा किती निघाला असावा याचे गणित रसायनशास्त्राचा कोणताही पदवीधर मांडू शकतो, आणि ते गणित सात रंगांच्या पत्रकांशी ताडून पाहता येते. ज्याने कचरा निर्माण केला त्याची जबाबदारी तो फाटकाबाहेर गेल्यावर संपत नाही, ही गोष्ट बिछडीच्या निकालापासून कायद्याला ठाऊक आहे. शुद्धीकरणाचा दर इतका असू नये, की लहान कारखानदाराला दलालाचे दार जवळचे वाटावे, याचाही विचार राज्यांनी एकत्र बसून केला पाहिजे. गुजरातने कडक व्हावे आणि महाराष्ट्राने सैल, किंवा उलट, असे झाले तर टँकर फक्त दिशा बदलील. आणि रात्रपाळीच्या प्रत्येक गिरणीत, जेथे नाला भिंतीला लागून वाहतो, तेथे या वायूची सूचना देणारे छोटेसे यंत्र भिंतीवर टांगता येते. कामगाराचे नाक ज्या क्षणी त्याला फसविते, त्या क्षणीही ते वाजत राहते.